नुसता टाळ धरा

आमच्या गावात दर एकादशीला रात्री मारुतीच्या देवळात भजन असतं. पेटी, मृदंग, एक वीणा आन् बारा-पंधरा टाळकरी. सगळे कास्तकारच. दिवसा सोयाबीनची कोळपणी, नाहीतर हळदीला पाणी. रात्री हातपाय धुऊन टाळ गळ्यात. शिकवायला कुणी मास्तर नव्हता. बापाच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर कानावर पडलं, तेवढंच आमचं शिक्षण.

त्यात माझे एक चुलते होते. टाळाला पक्के, पण गळ्यात सूर नव्हता. पेटी पांढरी चारवर असली तरी यांचं धृपद तिसरीकडंच, आन् आवाज बी सगळ्यांत मोठा. तरी कुणी कधी बोललं नाही.

एका वर्षी तालुक्याला भजनाची स्पर्धा निघाली. पोरं म्हणली, "काकामुळं नंबर जाईल." सांगायचं कुणी? पुतण्या म्हणून माझ्यावर आलं. मी म्हणलं, "काका, तेवढ्या दिवशी नुसता टाळ धरा. तोंडानं म्हणू नका." ते माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "बरं बापू."

आमचा दुसरा नंबर आला. काका ओठ मिटून, एक ठेका न चुकवता उभे होते. पण पुढच्या एकादशीलाही ते तसेच उभे राहिले. त्याच्या पुढच्याही.

सुरात म्हणावं हे मला आजही पटतं. मृदंग शिकायला वर्षं जातात. वाटंल तसं वरडून त्या मेहनतीवर पाणी टाकू नये. स्पर्धेत समोर ऐकणारे असतात, तिथं नियम वेगळा. पण एकादशीच्या भजनात ऐकणारं कोण? सगळेच म्हणणारे. तिथं गळा तपासायचा हक्क मला कुणी दिला?

नामदेवरायांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तिकडं ती वेगळ्या रागात, वेगळ्या बोलीच्या गळ्यातून म्हणतात. औंढ्याची गोष्ट तर इकडं लेकराला बी पाठ असते. नामदेवांना देवळासमोरून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आन् देऊळच त्यांच्याकडं फिरलं. लहानपणी ऐकताना मी नेहमी नामदेवांच्या बाजूला असायचो. उठवणाऱ्यांत आपण असू, हे मनात बी आलं नाही. ते काही राक्षस नसतील. आपली पूजा नीट व्हावी, एवढंच त्यांना वाटलं असंल.

काकाला एका दिवसापुरतं थांबवलं, हा माझा गुन्हा मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन "काका, आता म्हणा" असं सांगितलं नाही, हा गुन्हा. विसरलो म्हणावं तर तसंही नाही. त्यांच्या गप्प राहण्यानं भजन गोड लागायलं होतं, आन् ते मला आवडायलं होतं.

काका गेले तेव्हा वाटेनं आम्ही भजन म्हणलं. सगळे सुरात होते.

आता साठी उलटली. वरच्या पट्टीत माझाच आवाज फाटतो. पोरं एकमेकांकडं बघतात, पण अजून कुणी काही बोललेलं नाही.