सुरमईमागचा समुद्र

कोळणीच्या पाटीत तारलीचा ढीग असतो आणि सुरमया मोजून दोन-तीन. भाव विचारला की आपण म्हणतो, सुरमई महागली. ती पाटीत कमी असते, कारण समुद्रातच कमी असते. तिने कमीच असावं, असा समुद्राचा हिशेब आहे.

डोळ्यांना न दिसणारे डायटम ऊन आणि पाण्यातले क्षार घेऊन वाढतात. तारली ते गाळून खाते. तारली, मांदेलीसारखे लहान मासे सुरमई खाते. या प्रत्येक पायरीवर खालच्या पायरीवर तयार झालेल्यातला फार थोडा भाग वरच्याच्या अंगी लागतो. ढोबळमानाने दहावा हिस्सा धरतात. म्हणजे किलोभर सुरमईमागे दहा किलो तारली आणि त्यामागे शंभर किलो डायटमसारखं वनस्पती-प्लवक. आकडे काटेकोर नाहीत. कुठे पाच टक्के मिळतात, कुठे वीस. पण उतरंड तीच.

उरलेले नऊ हिस्से जातात कुठे? बरंचसं पोहण्यात, श्वासात, नुसतं जिवंत राहण्यात खर्च होतं. काही पचतच नाही, काही कुणी खाण्याआधीच मरून तळाशी जातं. तिथलं नत्र-स्फुरद जिवाणू मोकळं करतात आणि ते पुन्हा डायटमच्या वाट्याला येतं. उष्णता होऊन गेलेली ऊर्जा मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून समुद्राला ऊन रोज नवं लागतं, क्षार जुनेच पुन्हा चालतात.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला रेमंड लिंडमन या तरुणाने, अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका लहानशा तळ्यावरून. परीक्षकांनी त्याचा निबंध आधी नाकारला होता. प्रत्यक्ष माहितीपेक्षा कल्पनाच जास्त, असा त्यांचा सूर होता. १९४२ साली तो छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. वय अवघं २६.

समुद्रात एक गंमत अशी, की वजन करायला गेलं तर उतरंड उलटी दिसते. जगभरच्या समुद्रांत खाणाऱ्यांचं एकूण वजन खाल्ल्या जाणाऱ्या प्लवकापेक्षा जास्त भरतं. मग इतक्यांची पोटं कशी भरतात? भाजीवालीच्या टोपलीत एका वेळी माल थोडाच असतो, पण टोपली दिवसातून कितीदा भरते आणि रिकामी होते, तसं हे आहे. प्लवक काही दिवसांत जन्मून, वाढून, खाल्लं जाऊन पुन्हा तेवढंच होतं. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ अर्धा भाग हे इवलेसे जीव करतात. साठा बघणाऱ्याला ते क्षुल्लक वाटतील.

बाजारभावावरून मात्र पायरी ओळखायला जाऊ नये. आपला लाडका बोंबील मऊ, लिबलिबीत, पण जात शिकाऱ्याची. जवळा आणि लहान मासे गिळून तो वाढतो, आणि तरी सुरमईपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. तारलीला काटे फार, वासही उग्र, म्हणून ती स्वस्त. तिच्या अंगातल्या तेलाला कुणी नावं ठेवू शकणार नाही.

पण पश्चिम किनाऱ्यावर जाळ्यात आलेली बरीच तारली आता ताटापर्यंत पोचत नाही. ती कारखान्यात जाते. तिथे तेल निघतं, उरलेल्याची भुकटी होते आणि ती तळ्यातल्या कोळंबीच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाते. तारली थेट खाल्ली असती तर आपण डायटमपासून जितक्या पायऱ्या वर असतो, त्याहून एक जास्त चढतो, आणि तिथेही वरच्या तोंडात पडतो तो खालच्या घासाचा तुकडाच. कोळंबीच्या बिलात तारलीचा उल्लेख कुठेच नसतो.