टाळ, पेटी आणि स्तोत्र

आपल्या कल्याणला १८६९ ते १८७३ या काळात एक मुलगा शिकत होता. नाव नारायण वामन टिळक. पुढे, १८९५ साली, त्याने ख्रिस्ताचा स्वीकार केला. आप्तेष्ट दुरावले, संसाराची ताटातूट झाली. अभंगाची ओढ मात्र सुटली नाही.

त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत विलायती चालींवर बेतलेली गीते बरीच असत. शब्द मराठी, पण सूर परका. अशा गाण्यात मन जिभेच्या मागेमागे चालते, असे मला वाटते. टिळकांनी भजन, ओवी, कीर्तन देवळाच्या अंगणातून प्रभुमंदिरात आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानत. केवढी ही कृतज्ञता!

बायबलमधले शंभरावे स्तोत्र सगळ्या पृथ्वीला हर्षाने गात देवासमोर यायला सांगते. त्यात आनंद आहे आणि नम्रताही. आईपुढे लेकरू नाचते आणि तिच्या पायाही पडते, तसेच हे. दोन्ही एकाच श्वासात साधायचे, तर सूर आपल्या घरातलाच हवा.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ साली टिळक गेले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काव्य पूर्णत्वाला नेले. टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही गातात. ठाण्यात किंवा कल्याणात रविवारी एखाद्या चर्चवरून जाताना मराठी गाणे कानी आले, तर क्षणभर थांबा. ऐका.