रुजू होताना आणि रुजू झाल्यावर

सैन्यात जाऊ पाहणाऱ्या तरुणाला 'तुला का जावयाचे आहे?' असे विचारण्याची आपल्या समाजाला मोठी हौस आहे. आणि त्याचे उत्तर 'देशसेवेसाठी' एवढेच यावे, पगाराचा, घरच्या कर्जाचा किंवा बहिणीच्या लग्नाचा उल्लेख त्यात होऊ नये, अशी आपली अलिखित अपेक्षाही असते. वकील किंवा मामलेदार होऊ इच्छिणाऱ्याच्या अंतःकरणाची अशी झडती कोणी घेत नाही. ही झडती मला अनाठायी वाटते, कारण भरतीच्या दिवशी सांगितलेला हेतू हा बहुधा त्या मनुष्याचा अखेरचा हेतू नसतो. खरा हेतू पुढे नोकरीत, श्रमांच्या आणि सोबत्यांच्या सहवासात घडत जातो.

ह्याचे सर्वांत निर्मळ उदाहरण आम्हा सोलापूरकरांच्या घरचेच आहे. भैया चौकातल्या ज्या घराचे आता स्मारक झाले आहे, त्या घरच्या द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्यांच्या विशीत सोलापूरने लष्कर पाहिले ते मे १९३० च्या मार्शल लॉच्या रूपाने, आणि त्यापाठोपाठ १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे येरवड्यास फासावर गेले. ज्या गावाच्या स्मृतीत गणवेश म्हणजे जुलूम असे समीकरण बसले होते, त्या गावचा हा सुपुत्र आठ-दहा वर्षांनी स्वतः गणवेश चढवतो, आणि तोही परक्या देशाच्या सैन्याचा, ही गोष्ट जितकी विलक्षण आहे तितका तिचा विचार आपण केलेला नाही.

मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन कोटणीस पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनचे सेनानी चू-ते ह्यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले आणि काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनी अर्ज केला. डॉ. अटल, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे त्यांचे सहप्रवासी. त्या अर्जामागे निव्वळ ध्येयवाद होता असे मला वाटत नाही, आणि तसे मानण्याची गरजही नाही. देशोदेशी हिंडण्याची हौस, शस्त्रक्रियेचा हात बसवण्याची संधी, साम्राज्यशाहीविरुद्धची चीड, ह्या सर्वांचे मिश्रण अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावरील शल्यविशारदाच्या मनात असणे स्वाभाविकच होते. शिवाय पथक जात होते ते जखमींच्या शुश्रूषेसाठी. सैनिक होण्यासाठी नव्हे.

चीनमध्ये पोहोचून फारसे दिवस झाले नाहीत तोच वडील निवर्तल्याची वार्ता आली. परतावयास ह्याहून सबळ सबब कोणती असणार? परंतु कोटणीस परतले नाहीत. १९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले; यथावकाश अटल, चोळकर आणि मुखर्जी स्वदेशी आले; मागे राहिलेल्या बसू आणि कोटणीस ह्यांच्यापैकी कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेबरोबर थेट जपानी फळीच्या मागच्या मुलखात गेले. १९४० च्या एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये कॅनडाचे शल्यविशारद डॉ. बेथ्यून ह्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. चिनी भाषा शिकून तीतच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. कुओ चिंग-लान ह्या परिचारिकेशी विवाह केला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. मुंबईच्या बंदरात जहाजावर चढलेला तरुण आणि हा मनुष्य एकच खरे. पण पहिल्याला दुसऱ्याच्या आयुष्याचा आराखडा दाखवला असता तर त्याने तो स्वीकारला असता, असे ठामपणे कोण म्हणेल?

हेतू उमलण्याची ही गोष्ट एकट्या थोर पुरुषाची नाही. शिवकाळातला शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन दसऱ्याला सीमोल्लंघन करी आणि पावसाच्या तोंडावर शेताकडे परते. त्याच्या मनात स्वामिनिष्ठा, लूट आणि पोट ह्यांची सीमारेषा आखलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी तिच्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, त्या केवळ तनख्यासाठी नव्हत्या. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार ह्यांच्या घरात शिक्षण आले ते पलटणीच्या शाळेतून. पिढीजात अवहेलनेतून बाहेर नेणारी ती एक वाट होती, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली ती ह्याच दीर्घ आग्रहाचे फळ म्हणून. पोटासाठी पत्करलेली चाकरी प्रतिष्ठेचा दाखला होऊ शकते, हे ह्या लोकांनी आपल्याला दाखवले.

आज पहाटे पार्क मैदानावर, किंवा मंगळवेढा-सांगोल्याकडच्या डांबरी रस्त्यांवर, जी मुले १.६ किलोमीटरचा काटा मिनिटा-मिनिटाने खाली आणतात, बीमवर दहावा पुलअप काढताना ज्यांचे दंड थरथरतात, त्यांना मी हेच सांगतो. त्यांतली बहुतेक मुले एकाच वेळी सैन्याची, पोलीस भरतीची आणि राज्य राखीव दलाची तयारी करीत असतात. ज्याची जाहिरात आधी निघेल त्याचा अर्ज आधी, आणि एका ठिकाणी वय उलटले की दुसरीकडे मोर्चा. कोरडवाहू ज्वारीच्या रानावर तीन भावांचा संसार चालत नाही, आणि ज्या गिरण्यांनी त्यांच्या आजोबांना शहरात आणले त्या केव्हाच बंद पडल्या. अशा मुलाने 'घरासाठी जातो' म्हटले तर त्यात खाली मान घालण्यासारखे काय आहे?

मग प्रश्न उरतो तो त्याच्या हेतूचा नव्हे, त्याला सामावून घेणाऱ्या व्यवस्थेचा. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची मुदत मुक्रर आहे, आणि तीनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच तरुण कायम होतात. चार वर्षे अपुरी आहेत, हा नेहमीचा आक्षेप मी घेणार नाही. कोटणीसांचे चीनमधले सारे आयुष्य सव्वाचार वर्षांचेच होते, आणि तेवढ्या काळात मनुष्य आमूलाग्र बदलतो. माझी तक्रार नेमकी ह्याच कारणासाठी आहे. घरासाठी गेलेला मुलगा चार वर्षांत पलटणीचा होईल, आणि तो तसा झाला की बहुसंख्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी देऊन निरोप मिळेल. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

पहिल्या तुकडीची मुदत २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागते. आपल्या जिल्ह्यातील किती मुले तीत आहेत, त्यांतली कोणती रणगाड्यांची यंत्रे हाताळतात, कोणती संदेशयंत्रणा, कोणती रुग्णवाहिका, ह्याची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने, दर्जाच्या नियमावर बोट न ठेवता, आताच करावी, आणि जिल्हा परिषदेने, महापालिकेने व एस.टी.ने ती समोर ठेवून आपल्या रिकाम्या जागांचा विचार करावा. त्यांच्यापैकी पुष्कळांना परत येताना पोलीस किंवा राखीव दलात जावयाचे नसेल, काहीतरी निराळेच करावयाचे असेल. त्यासाठी संध्याकाळच्या शिक्षणाची तरतूद ह्याच शहरात हवी, आणि तिच्या प्रवेशअर्जावर 'तू सैन्यात का गेलास' असा रकाना असू नये.