मक्तेदारी आणि लोकसत्ता

हुकूमशाही ही गणवेशधारी टोळ्यांच्या घोषणांबरोबर येते असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु त्या टोळ्यांना वाट मोकळी मिळावी अशी पूर्वतयारी समाजात फार आधीपासून होत असते, आणि माणसाची उपजीविका, त्याचे वृत्तपत्र व त्याच्या पक्षाचा खर्च ही तिन्ही जेव्हा मोजक्या मालकांच्या स्वाधीन होतात, तेव्हा ती तयारी पूर्ण झाली असे समजण्यास हरकत नाही.

नागपूर जिल्ह्यातील सावनेरच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की हा विचार अमूर्त राहत नाही. व्यापारी गाडीवर चढतो, खोल हात घालून मूठभर कापूस उपसतो, बोटांत ताणून धाग्याची लांबी पाहतो, ओल अजमावतो आणि भाव बोलतो. भाव पटला नाही तर शेतकरी नुसती मान हलवतो आणि दुसऱ्या व्यापाऱ्याची वाट पाहतो. त्याचे सारे स्वातंत्र्य त्या मान हलवण्यात साठलेले असते, आणि सगळ्या व्यापाऱ्यांमागे एकच धनी उभा राहिला की ते निरर्थक होते. तो धनी खाजगीच असावा लागतो असेही नाही. १९७२ साली महाराष्ट्र शासनाने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली ती शेतकऱ्याला नागवणुकीपासून वाचवण्याच्या सद्‍हेतूने. तथापि बाहेर भाव चढला की त्याच शेतकऱ्याला स्वतःच्या घामाचा माल चोरासारखा मध्य प्रदेशाच्या हद्दीत न्यावा लागे, आणि ती हद्द सावनेरहून फार दूर नाही.

कंपनी राज्य करू लागली म्हणजे काय होते, हे तर या मुलखाने प्रत्यक्ष भोगले आहे. १६०० साली व्यापाराची सनद घेऊन निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर, पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले आणि भोसल्यांच्या जामदारखान्यातील जडजवाहीर लिलावात काढले. ज्या राजवटीचे धनी लंडनला बसत होते, तिच्या कोणत्या दप्तरी येथील रयतेची फिर्याद दाखल होणार होती?

फॅसिझमला केवळ धनिकांनी जन्म दिला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जर्मनीत युद्धातील पराभव, बेकारी आणि वंशद्वेष यांचा वाटा मोठाच होता. परंतु २० फेब्रुवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझी नेता गोअरिंग याच्या सरकारी निवासस्थानी दोन डझन उद्योगपती जमले, लोकशाहीच्या युगात खाजगी उद्योग टिकू शकत नाही असे हिटलरने त्यांना सांगितले, आणि मार्चच्या निवडणुकीसाठी तीस लाख मार्कांचा निधी ठरला. त्यात सर्वांत मोठा वाटा आय. जी. फार्बेनचा होता. रसायन उद्योगातील बड्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९२५ साली निर्माण झालेल्या याच कंपनीने पुढे ऑश्वित्झच्या कैद्यांच्या श्रमांवर कारखाना उभारला. हजारो स्वतंत्र कारखानदारांची मने वळवणे हे दीर्घ आणि अनिश्चित काम ठरले असते. एका दिवाणखान्यात मावतील एवढ्याच माणसांच्या हाती उद्योग एकवटले होते, म्हणून ते एका सायंकाळी उरकले.

आपल्याकडे हा इशारा वेळेवर मिळाला होता. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात दुरुस्ती मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. चागला यांना कायद्याप्रमाणे परवानगी देणे भाग पडले. मात्र हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा घोटू शकेल, असे त्यांनी निकालपत्रात बजावून ठेवले. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली, २०१७ मध्ये नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही गेली, आणि पुढे निवडणूक रोख्यांनी दात्याचे नाव मतदाराच्या नजरेआड केले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. परंतु थैली आणि सत्ता यांना परस्परांची लागलेली गरज न्यायालयाच्या एका निकालाने संपत नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, कारण सरकारने हात आखडता घेतला की त्या मोकळ्या जागी खाजगी मालकाची हुकूमशाही येते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे निदान आजही अचूक आहे. उपचारात मात्र कापसाच्या एकाधिकाराचा अनुभव जमेस धरून एवढी भर घातली पाहिजे की, भांडवलावर राज्याचा अंकुश हवा तसाच राज्यावर स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या नागरिकांचा हवा. बाजार समितीची चोख निवडणूक, सावनेरच्या भूमिगत खाणींतील कामगारांची निर्भय संघटना, जाहिरातदाराला न भिणारे तालुक्याचे वृत्तपत्र आणि पक्षनिधीचा उघडा हिशेब ही लहान कामे वाटतात. परंतु ज्या समाजात अशी स्वतंत्र ठाणी शेकड्यांनी जिवंत असतात, तेथे हुकूमशहाला प्रत्येक ठाणे वेगळे लढून जिंकावे लागते, आणि एवढ्या लढाया जिंकण्याचे बळ आजवर कोणत्याही हुकूमशहाकडे आपसूक आलेले नाही. ते त्याला अनेकदा मक्तेदारांनी पुरवलेले आहे.