प्रेक्षकाचा उत्साह आणि शेजारची खुर्ची

१

मनीष शर्मा दिग्दर्शित 'टायगर ३' हा हिंदी हेरपट १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, प्रदर्शित झाला. त्याच रात्री मालेगावातील एका चित्रपटगृहात, खेळ चालू असताना, काही प्रेक्षकांनी प्रेक्षागारातच फटाके आणि अग्निबाण उडविले. या प्रसंगाच्या दृश्यफिती दुसऱ्या दिवशी देशभर पाहिल्या गेल्या. पडद्यावर नायक, पडद्याखाली ठिणग्यांचा वर्षाव आणि मधल्या अंधारात खुर्च्या सोडून धावणारी माणसे, असे ते दृश्य होते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पोलिसांनी गुन्हा दाखल केला. सलमान खान यांनी समाजमाध्यमावरून हे वर्तन धोकादायक असल्याचे सांगितले आणि स्वतःला व इतरांना संकटात न घालता चित्रपटाचा आनंद घ्यावा, असे आवाहन केले. 'मुळशी पॅटर्न' या मराठी चित्रपटावर बेतलेल्या 'अंतिम'च्या वेळी, म्हणजे २०२१ मध्येही, त्यांना असेच आवाहन करावे लागले होते.

अशा प्रसंगी सुशिक्षित वर्गाचा निवाडा ठरलेला असतो. हा प्रेक्षक अडाणी आहे, त्याला कल्पित आणि वास्तव यांतील भेद कळत नाही, कलाकृतीपासून राखावयाचे अंतर त्याच्या ठायी नाही, असे म्हटले जाते. या निवाड्यामागे सौंदर्यशास्त्रातील एक प्रतिष्ठित कल्पना उभी आहे. एडवर्ड बलो यांनी १९१२ मध्ये मांडलेली मानसिक अंतराची संकल्पना मराठी समीक्षेत इतकी रुळली आहे की, तिचा उपयोग रसिकांची प्रतवारी लावण्यासाठी सर्रास होतो. ज्याच्यापाशी अंतर आहे तो रसिक, ज्याच्यापाशी नाही तो जमाव, अशी ही प्रतवारी आहे. प्रस्तुत प्रसंग या प्रतवारीत बसतो काय, आणि बसत नसेल तर त्यातील दोष नेमका कोठे आहे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

२

प्रथम हे पाहावयास हवे की, मालेगावच्या प्रेक्षकाला चित्रपट म्हणजे काय हे कळत नाही, हे गृहीतकच टिकणारे नाही. यंत्रमागाच्या या गावात शुक्रवार हा कामगारांच्या सुट्टीचा दिवस आणि म्हणून चित्रपटाचा दिवस. याच गावात नासिर शेख व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुटपुंज्या साधनांनिशी 'मालेगाव के शोले'सारखी विडंबने निर्माण केली. त्यांच्या उद्योगावर फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा अनुबोधपट आणि पुढे रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा कथापट झाला. विडंबन करावयाचे तर मूळ कृतीची घडण उकलून पाहावी लागते. जो समाज स्वतःचा महामानव स्वतः उडवून दाखवितो, त्याला पडद्यावरचे उड्डाण खरे वाटते, असे म्हणणे हा टीकाकाराचाच भाबडेपणा ठरेल.

दुसरे असे की, उत्तरभागाचा आस्वाद हा मुळातच पहिल्या भागाच्या आस्वादाहून भिन्न प्रकारचा असतो. कबीर खान यांचा 'एक था टायगर' (२०१२) पाहताना अविनाशसिंह राठोड या भारतीय हेराचे आणि पाकिस्तानी हेर असलेल्या झोयाचे काय होणार, ही उत्कंठा शक्य होती. अली अब्बास जफर यांच्या 'टायगर जिंदा है' (२०१७) या उत्तरभागाने मात्र शीर्षकातच उत्तर देऊन टाकले. तिसऱ्या भागात नायक जगणार की मरणार, हा प्रश्न कोणाही प्रेक्षकाच्या मनात नसतो. कथानक जसजसे ज्ञात होत जाते, तसतशी उत्कंठेची जागा प्रत्यभिज्ञा घेते. 'हा तोच' असे ओळखण्याचा आनंद हाच मुख्य होतो. कोकणातील दशावतारात संकासुर येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि ठाऊक असते म्हणूनच तो त्याच्या येण्याची वाट पाहतो. उत्तरभागातील नायकाचा प्रवेश हा या अर्थाने कथेतील घटना नसून उत्सवातील आगमन आहे. फटाका उडविणाऱ्याला पडद्यावरचा स्फोट खरा वाटला म्हणून त्याने फटाका उडविला नाही. दिवाळीच्या रात्री एका आगमनाचे स्वागत त्याने दिवाळीच्याच भाषेत केले.

न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली. स्वतःचे स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावणे, हे त्या समाधीचे लक्षण. या लक्षणानुसार मालेगावच्या प्रेक्षकाची समाधी निर्विकल्प नव्हती. तो पडद्यात विरून गेला नव्हता. उलट, आपण प्रेक्षागारात आहोत, आपल्याभोवती शेकडो माणसे आहेत आणि ती आपला जल्लोष पाहणार आहेत, याची त्याला पुरेपूर जाणीव होती. तेव्हा अंतराच्या अभावाचा आरोप त्याच्यावर ठेवता येत नाही.

३

मग दोष कोणता? प्रेक्षकाच्या देहाने प्रतिसाद द्यावा, हाच दोष मानावा काय? भारतीय नाट्यविचाराला हे मान्य झाले नसते. नाट्यशास्त्रातील सिद्धिविषयक अध्यायात प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून प्रयोगाचे यश मोजले आहे. स्मितहास्य, मोठे हसू, साधुवाद, हळहळ आणि एकमुखाने उठणारा घोष हे वाचिक प्रतिसाद. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे देणे, अंगठ्या फेकणे हे शारीरिक. भरताच्या प्रेक्षागारात शिट्टीला नसले तरी तिच्या पूर्वजांना स्थान आहे. मराठी संगीत रंगभूमीवरील 'वन्स मोअर'ही याच कुळातला; पात्राला कथेतून क्षणभर बाहेर काढून गायकाला पुन्हा समोर बोलावणारी ती प्रथा अंतराच्या कोणत्याही कसोटीवर उतरणार नाही, आणि तरीही तिच्यावाचून त्या रंगभूमीचा इतिहास लिहिता येणार नाही.

परंतु त्याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, मानुषी सिद्धीहून वेगळी अशी दैवी सिद्धी तेथे सांगितली आहे. प्रेक्षागार पूर्ण भरलेले, तरीही शब्द नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही. दुसरी म्हणजे, प्रयोगाच्या घातांची गणना करताना वारा व पाऊस यांच्याबरोबर अग्नीचाही उल्लेख आहे. एकाच विवेचनात फेकलेली अंगठी ही सिद्धी आणि आग हा घात. दोहोंमधील फरक उत्साहाच्या मात्रेचा नाही; आग लावणाऱ्याचा उत्साह अंगठी फेकणाऱ्याहून कमीही असू शकेल. अंगठी फेकणारा स्वतःचे काही देतो आणि ते नटाला देतो. आग मात्र देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाऊन थांबत नाही. ज्याने ती मागितली नाही अशा तिसऱ्याला, म्हणजे शेजारी बसलेल्याला, ती प्रथम गाठते.

येथे आस्वादमीमांसेतील एक मोठी उणीव उघड होते. अभिनवगुप्तापासून बा. सी. मर्ढेकरांपर्यंतच्या विचारात आस्वादाचा संबंध मुख्यतः दोन टोकांमध्ये कल्पिला जातो. एका टोकाला कृती, दुसऱ्या टोकाला रसिक. सहृदय म्हणजे कृतीशी हृदयसंवाद साधणारा. अभिनवगुप्ताने सामाजिकांच्या एकघन प्रतीतीचा उल्लेख केला आहे खरा. पण ती प्रतीती रसाला परिपुष्ट करते म्हणून. सहप्रेक्षक हा तेथे माझ्या आस्वादाचे साधन आहे. त्याचे माझ्यावर काही ऋण असू शकते, हा विचार तेथे नाही. मालेगावच्या प्रेक्षकाने पडदा आणि स्वतः यांतील अंतर ओळखले. त्याला दिसला नाही तो त्या रेषेबाहेरचा माणूस. त्याचा प्रमाद सौंदर्यशास्त्रीय नाही, नैतिक आहे; आणि सौंदर्यशास्त्राने सहप्रेक्षकाला कधी जागाच दिली नसल्याने तो प्रमाद चुकीच्या नावाने ओळखला जातो.

४

या तिसऱ्याचे भान किती मोलाचे आहे, हे दोन घटनांवरून ध्यानात येईल. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील 'उपहार' चित्रपटगृहात 'बॉर्डर' या युद्धपटाचा खेळ चालू असताना तळमजल्यावरील विद्युत्-रोहित्रामुळे आग लागली आणि धुराने गुदमरून ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तेथे प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता. दोष यंत्रणेचा आणि अडलेल्या वाटांचा होता. पण बंद प्रेक्षागारात धूर काय करू शकतो, याचा तो अविस्मरणीय पुरावा आहे. पडद्यावर वीररसाचा अग्नी चालू असताना खऱ्या धुराला पडद्याची सीमा कळली नाही.

दुसरी घटना खुद्द मालेगावची. ८ सप्टेंबर २००६ रोजी तेथील बॉम्बस्फोटांत तीसपेक्षा अधिक माणसे मरण पावली. २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. गर्दीतला स्फोट म्हणजे काय, हे ज्या गावाला ठाऊक आहे त्या गावच्या प्रेक्षागारात शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, अकस्मात झालेल्या आवाजाने त्याला काय आठवेल, हे फटाका पेटविणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. हे अज्ञान हाच येथील नैतिक मुद्दा आहे. अंधारात शेजारच्याची स्मृती दिसत नाही; म्हणूनच ती आहे असे धरून वागावे लागते. हेरपटासाठी स्फोट हा दृश्यचमत्कार असतो. प्रेक्षागारातील प्रत्येकासाठी तो तेवढाच असेल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

५

हाच निकष फटाक्यांपुरता न ठेवता उत्साहाच्या आशयालाही लावून पाहणे आवश्यक आहे. आर. जी. कॉलिंगवूड यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) मध्ये करमणूक आणि जादू असा भेद केला आहे. करमणुकीत जागविलेली भावना कल्पित प्रसंगातच विसर्जित होते. जादूत ती व्यवहाराकडे वळविली जाते. मराठी रंगभूमीवर या दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' (१९०७). कीचकात लॉर्ड कर्झन पाहणाऱ्या प्रेक्षकाचा संताप नाट्यगृहाबाहेर जातो, हे ब्रिटिश सरकारने ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. तेव्हा भावनेने प्रेक्षागाराबाहेर पडणे हे स्वतःहून निंद्य नाही. ती कोणाकडे वळते, हा प्रश्न आहे. 'कीचकवधा'तील संताप सत्तेकडे, बलवत्तराकडे वळत होता, आणि तो व्यक्त करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागणार होती. सीमेपलीकडचा शत्रू कल्पिणाऱ्या हेरपटातील आवेश मात्र बहुधा अनुपस्थिताकडे वळतो. त्याला त्या प्रेक्षागारात उत्तर देता येत नाही, आणि आवेश दाखविणाऱ्याला काही गमवावेही लागत नाही.

'टायगर' मालिकेच्या कर्त्यांना याची जाणीव आहे, हे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे. २०१४ मध्ये इराकमध्ये अडकलेल्या भारतीय परिचारिकांच्या घटनेवरून स्फुरलेल्या दुसऱ्या भागात भारतीय आणि पाकिस्तानी हेर एकत्र येऊन दोन्ही देशांच्या परिचारिकांची सुटका करतात. तिसऱ्या भागात खलनायक हा शेजारचा देश नसून त्या देशातील सत्ता उलथू पाहणारी एक व्यक्ती आहे, आणि भारतीय नायक तेथील निर्वाचित स्त्री पंतप्रधानाचे रक्षण करतो. शत्रुत्वाची ही मर्यादा व्यावसायिक हेरपटात दुर्मीळ आहे. तथापि हे औदार्य आश्रयदात्याचे आहे. शेजारी वाईट नाही, पण त्याचे भले करावयास आमचाच नायक हवा, असा त्याचा अन्वय लागतो. शेजाऱ्याला येथे द्वेषातून मुक्त केले आहे, परंतु समान आसन दिलेले नाही.

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात हा प्रश्न उभा राहिला होता. इंद्रध्वजाच्या उत्सवात झालेला पहिला प्रयोग देवांच्या विजयाचा होता, आणि पराभूत झालेले दैत्य प्रेक्षकांतच बसले होते. त्यांनी प्रयोग रोखला. इंद्राने जर्जराने त्यांना झोडपले, तरी विघ्न संपले नाही. नाट्यगृह बांधूनही ब्रह्मदेवाला अखेर त्यांच्याशी सामोपचाराने बोलावे लागले. हे नाट्य एकट्या देवांचे किंवा एकट्या दैत्यांचे नव्हे, ते त्रैलोक्याच्या भावांचे अनुकीर्तन आहे, असे त्याने सांगितले. नाट्याची ही व्याख्या शांत चिंतनातून जन्मलेली नाही. अपमानित झालेल्या सहप्रेक्षकाला दिलेले ते उत्तर आहे. परंपरेने व्याख्या जपली आणि ती कोणाला उद्देशून होती हे मात्र विसरले गेले.

६

या विवेचनावरून उत्साही प्रेक्षकाला गप्प बसविण्याचा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आठवडाभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्या नायकाच्या आगमनाला आसनावरून उठावे, शिट्टी वाजवावी, यात रसहानी नाही; भरताच्या हिशेबी ती सिद्धीच आहे. आक्षेप आहे तो उत्सव साजरा करताना त्या उत्सवात नसलेल्याला गृहीत धरण्याला. हे गृहीत धरणे ठिणगीच्या रूपाने होते, तसेच कथेतील शत्रूच्या निवडीतूनही होते, आणि जमावाला अडाणी ठरवून मोकळ्या होणाऱ्या समीक्षेतूनही होते. नटाच्या आवाहनाने फटाके थांबू शकतील, पहाऱ्याने तर निश्चितच थांबतील. परंतु सहृदय या संज्ञेत सहप्रेक्षकाचा समावेश करणे हे नटाचे किंवा पोलिसांचे काम नव्हे. ते समीक्षेचे काम आहे आणि ते अद्याप झालेले नाही.