धैर्य कीं निरुपाय?

संकटाची वाट टाळणें हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे. म्हणूनच ज्या वाटेवर काल रक्त सांडलें, तिच्यावरूनच आज कोणी गेला तर आपण त्यास धैर्यवान म्हणतों. ११ जुलै २००६ रोजीं सायंकाळीं मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकल गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दुसऱ्या दिवशीं गाड्या धांवल्या व माणसेंही त्यांत बसलीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं छत्रपति शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला, त्यानंतरही हेंच दिसलें. दोन्ही वेळीं मुंबईच्या धैर्याची मुक्तकंठानें स्तुति झाली. ती यथार्थ होती काय?

शहापूर तालुक्यांतील जो चाकरमान्या पहांटे आसनगांवास किंवा खर्डीस मुंबईची गाडी गांठतो, त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न पाहावा. मुरबाडास तर रेल्वेच नाहीं. तेथील मनुष्य आधीं एस.टी.नें कल्याणास येतो. अशांना दुसरी वाट कोणती? रजा मोजकी, कित्येकांचा पगार हजेरीवर. गाडींत चढतांना त्यांचें मन भयमुक्त असतें असें नाहीं. भयास मान देण्याची त्यांची ऐपत नसते, इतकेंच.

याउलट २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें २६ जणांची हत्या झाली. मृतांत याच लोहमार्गावरील डोंबिवलीचे तिघे होते. त्यानंतर पुष्कळ कुटुंबांनीं काश्मीरचे बेत रद्द केले. परंतु त्यांतील मिळवतीं माणसें नेहमींच्या गाडीनें कामावर जातच राहिलीं. एकच मनुष्य एका वाटेवर भित्रा व दुसऱ्या वाटेवर शूर कसा होईल? फरक छातींत नसून निवडीच्या अधिकारांत आहे.

आणि निवड असली म्हणजे भय नेहमीं शहाणपणाचाच सल्ला देतें असेंही नाहीं. ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक अमेरिकनांनीं विमान सोडून मोटारीचा आश्रय केला. त्यामुळें पुढील वर्षभरांत रस्त्यांवर हजारांहून अधिक जीव जास्त गेले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. इकडे मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २०२४ सालीं २४०० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकणारे प्रवासी खालीं पडले. त्यांतील एक गाडी कसाऱ्याहून येणारी होती. परंतु या मरणामागें कोणी घातपाती नसल्यामुळें त्याचें भय आपणांस शिवत नाहीं.

धैर्य हा शब्द, ज्यास परत फिरतां येत होतें त्याच्यासाठीं राखून ठेवावा. निरुपायास धैर्य म्हटलें कीं स्तुति करणारा मोकळा होतो, आणि ज्याची स्तुति झाली त्यास तक्रारीचें तोंड उरत नाहीं. ज्या आपणांस बेत रद्द करतां येतो, त्यांचें कर्तव्य दुहेरी आहे. वाट सोडण्यापूर्वीं आपलें भय तोलून पाहावें, कारण आपल्या न जाण्यानें पहलगामच्या घोडेवाल्याची चूल थंडावते. आणि ज्यास वाट सोडतांच येत नाहीं, त्याचे गोडवे गाण्याऐवजीं त्याच्या सुरक्षित प्रवासाची मागणी त्याच्या बरोबरीनें करावी.