एकादशीच्या दिवशीची गोळी

वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीत एकादशीच्या आदल्या रात्री घरोघरी साबुदाणा भिजत पडतो, आणि रमजानात पहाटे सहेरीची लगबग असते. दोन्हीकडे शुगरची गोळी सुरू असलेली माणसं आहेत. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. उपास धरला, तर सकाळची गोळी घ्यायची की नाही? प्रश्न औषधाचा आहे तितकाच धर्माचाही, पण तो डॉक्टरांपुढे मांडायला पेशंट कचरतो. रागावतील, या भीतीने तो गप्प राहतो आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद करतो, नाहीतर रिकाम्या पोटी ती घेऊन कापूस वेचायला निघतो.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. मग रिकाम्या पोटी रक्तातली साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका फार कमी. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा पोटात गेला की तीच साखर झपाट्याने वर चढते. कोणती गोळी, किती कष्ट, उपास निर्जळी की फराळाचा, हे कळल्याशिवाय कोणताही डॉक्टर नीट सल्ला देऊ शकत नाही. आणि यातलं अर्धं ज्ञान पेशंटकडे असतं.

‘तुमीच सांगा डॉक्टरसाहेब, आमाले का समजते?’ हे वाक्य वऱ्हाडातल्या दवाखान्यांना नवं नाही. त्यात विनय आहे, विश्वासही आहे, आणि त्याची टिंगल करण्याचं काही कारण नाही. आपली परंपरा गुरुवचन मानायला शिकवते. पण ती एवढंच शिकवते का? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्य त्यांत प्रमुख. चांगल्या रोग्याचेही चार गुण दिले आहेत. त्यांत सांगितलेलं ऐकणं आहे, तसंच निर्भयता आहे आणि आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणंही आहे. आज्ञाधारकपणा तेवढा आपण उचलला, बाकीचे मागे राहिले. ज्या तालुक्यात पानपिंपळीसारखी आयुर्वेदातली औषधी शेतात पिकते, तिथे याची आठवण करून द्यायला हरकत नसावी.

सुर्जीचा देवनाथ मठ कीर्तनपरंपरेतला. अशा परंपरेच्या गावाला गीता परकी नाही. अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण सगळं ज्ञान सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतो की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. त्यानंतर शरण येण्याची हाकही येते आणि अर्जुन ‘तू सांगशील तसं करीन’ असं म्हणतो, हे खरं. पण तो हे म्हणतो तेव्हा त्याच्या शंका विचारून झालेल्या असतात. आपला पेशंट तेच वाक्य दारातून आत येतानाच म्हणतो. श्रद्धा दोन्हीकडे आहे. अर्जुनाच्या श्रद्धेला मात्र सगळं समजून घेण्याची संधी मिळाली होती.

यावर एक आक्षेप येतो: साखर किती असावी हे विज्ञान ठरवतं, त्यात पेशंटचं मत कशाला? उत्तर विज्ञानानेच दिलं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीत दहा हजारांहून अधिक मधुमेही होते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी सहाच्या खाली आणण्याचा कसून प्रयत्न झालेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ साली ते कडक उपचार थांबवावे लागले. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, हे तेव्हा ठळकपणे पुढे आलं. तरुण शिक्षकाचं उद्दिष्ट वेगळं आणि एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या आजीचं वेगळं. तिची साखर रात्री उतरली तर उठवायलाही कुणी नाही.

रोज्यांच्या बाबतीत पेशंटशी बोलून उपचार ठरवण्याचं काम बरंच पुढे गेलं आहे. कुराणाने आजारी माणसाला सूट दिलेली आहेच. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने तयार झालेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी पेशंटने डॉक्टरांना भेटावं, धोका किती ते ठरवावं, गोळ्यांच्या वेळा बदलाव्यात. साखर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा सोडावा. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही त्यांत स्पष्ट केलं आहे. महिन्यातून दोनदा येणाऱ्या एकादशीसाठी, नवरात्राच्या नऊ दिवसांसाठी असं बोलणं आपल्या दवाखान्यांत का होऊ नये?

सगळं ऐकूनही एखादी बाई म्हणेल, निर्जळी मी करणारच. उपचाराला तिची संमती लागते, नकाराचाही हक्क तिचा, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली मान्य केलं आहे. पण म्हणून डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही. त्या दिवसाचा डोस तरी ठरवून द्यायलाच हवा. शिवाय तपासणीच्या खोलीत तिच्याऐवजी मुलगाच उत्तरं देत असेल, तर निर्णय नेमका कुणाचा? चरकाने परिचारकाला तिसरा पाद मानलं, रोग्याची जागा मात्र त्याला दिली नाही.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एवढं बोलायला वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. पण आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा आजारांच्या धोक्याची चाचपणी करणारा सी-बॅक फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला मधुमेह हे सगळं विचारलं जातं; उपास-रोज्यांबद्दल प्रश्न नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना आषाढी आणि रमजानच्या दोन महिने आधी तो एक प्रश्न विचारला आणि उत्तर डॉक्टरांच्या कागदावर पोचलं, तर बोलायला सुरुवात पेशंटला करावी लागणार नाही.